येथे अंदाजपंचे चालत नाही

विमान चालवायला परवाना लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ते विमान उडायला योग्य आहे असे लिहून देण्यासाठीही परवाना लागतो आणि तो कुठल्या कंपनीच्या नव्हे, एका माणसाच्या नावावर असतो, हे मात्र शिकल्यासवरल्या घरांतही क्वचितच माहीत असते. खिडकीपाशी बसलेल्या प्रवाशाला खाली झगझगीत जाकीट घातलेला कुणीतरी चाकापाशी वाकलेला दिसतो. सामान चढवणाऱ्यांपैकी असेल, असे समजून तो मोबाइलकडे वळतो.

हे पुस्तक त्या वाकलेल्या माणसाच्या धंद्याविषयी आहे. प्रस्तावनेचे काम संपादकांनी माझ्यावर सोपवले ते काही विद्वत्तेमुळे नव्हे, सांताक्रूझच्या एप्रनवर रात्रपाळ्या करता करता केस पांढरे झाले म्हणून. परवान्याचे वर्ग, विषय, अटी हे सारे आत व्यवस्थित लावलेले आहे, ते मी पुन्हा उगाळणार नाही. जिथे विद्यार्थी हमखास ठेचकाळतो तेवढ्याच जागा दाखवीन. मला मुख्यतः एक गोष्ट सांगायची आहे आणि ती हाताने हुशार असलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना विशेष लागू पडते.

आपल्याकडे चांगल्या मिस्त्रीची व्याख्या ठरलेली आहे. गाडी दारात यायच्या आधी जो नुसत्या आवाजावरून दोष सांगतो, बोल्ट तळहातावर घेऊन ‘बाराचा आहे’ म्हणतो आणि बाजारात न मिळणाऱ्या भागाच्या जागी दुसरेच काही बसवून गाडी रस्त्याला लावतो, तो खरा कारागीर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीच्या गाळ्यांत अशी माणसे आजही भेटतात आणि त्यांच्यापुढे मी मान तुकवतो. पण विमानाच्या हँगरमध्ये शिरताना नेमके हेच तीन गुण फाटकाबाहेर ठेवावे लागतात. तिथे बोल्टला नंबर असतो, नंबरामागे कागद असतो, तो किती आवळायचा याचा आकडा असतो आणि आवळणाऱ्या टॉर्क रेंचच्या तपासणीचीही तारीख असते. अंदाजपंचे दाहोदरसे हा आपला आवडता हिशेब तिथे चालत नाही. ज्याला हे अपमानास्पद वाटते त्याने दुसरा धंदा बघावा. हे मी रागाने म्हणत नाही; काही फार गुणी मुले केवळ एवढ्याचसाठी या कामात रमली नाहीत, हे पाहिले आहे.

गंमत अशी की या धंद्याचा मूळपुरुष अगदी त्याच अंदाजाच्या घडणीतला होता. अमेरिकेतल्या डेटन गावी राइट बंधूंचे सायकलचे दुकान होते आणि ते सांभाळायला त्यांनी चार्ली टेलर नावाचा माणूस १९०१ साली नोकरीला ठेवला. विमानाजोगे हलके इंजिन कुणी करून देईना, तेव्हा ते टेलरने बनवले. लेथ, ड्रिल प्रेस आणि हाताची हत्यारे एवढीच त्याची सामग्री. नीट आराखडे नव्हतेच. कागदाच्या कपट्यांवर काढलेल्या आकृत्या तो बाकाच्या वर टाचून ठेवी. क्रँकशाफ्टसाठी सुमारे ४५ किलोची पोलादी लादी घेतली, तिच्यावर आकार रेखला, रेषेच्या कडेने भोके पाडली आणि नको तो भाग छिन्नी-हातोड्याने उडवून उरलेला लेथवर साफ केला. शेवटी हातात आला तो नऊ किलोंच्याही आतला शाफ्ट. सहा आठवड्यांत बारा अश्वशक्तीचे इंजिन तयार झाले आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी ते उडाले. टेलरचा जन्मदिवस, २४ मे, अमेरिकेत विमान देखभाल तंत्रज्ञांचा दिवस म्हणून पाळला जातो. ज्या माणसाच्या नावाने हा दिवस पाळतात त्याने जसे काम केले तसे आज कुणी केले, तर त्याचा परवाना जाईल.

टेलरचा काळ आणि आपला काळ यांच्यामध्ये काय घडले, ते सांगायला एक प्रकरण पुरेसे आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे बीएसी वन-इलेव्हन विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधल्या मालागाला निघाले. तेराव्या मिनिटाला, १७,३०० फुटांच्या आसपास, कॅप्टनसमोरची काच उडून गेली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. केबिनमधल्या सहकाऱ्यांनी त्याला पायाने धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले. कॅप्टनसकट सगळे वाचले, हे नवलच.

ती काच उड्डाणापूर्वी सुमारे २७ तास, रात्रपाळीत बदललेली होती. बदलणारा नवशिका नव्हता. पाळीचा प्रमुख होता, अनुभवी होता, त्याच्या कामाविषयी लोक चांगलेच बोलत. माणसे कमी होती म्हणून काम त्याने स्वतःच अंगावर घेतले. जुन्या काचेचा एक बोल्ट घेऊन तो स्टोअरमध्ये गेला आणि त्याच्यासारखे बोल्ट मागू लागला. त्या जागी कोणता नंबर लागतो ते कॅटलॉगमध्ये छापलेले होते. स्टोअरच्या माणसाने ते तोंडी सांगितलेसुद्धा. पण नमुना हातात असताना पुस्तक कोण उघडतो? तिथे पुरेसे बोल्ट नव्हते म्हणून तो दुसरीकडच्या खणांपाशी गेला आणि अपुऱ्या उजेडात, एकाला एक लावून, नजरेने जुळवून त्याने बोल्ट निवडले. काचेला ९० बोल्ट लागत. त्यांपैकी ८४ बोल्टांचा व्यास ०.०२६ इंचाने कमी होता, म्हणजे पाऊण मिलिमीटरही नाही. उरलेले ६ आखूड होते. आणि ज्या जुन्या बोल्टावरून त्याने माप घेतले, तोही मुळात लागायचा त्यापेक्षा आखूडच होता. आधी कुणीतरी चुकीचे बसवलेले बोल्ट काही वर्षे निभावले होते एवढेच. काच बसवणे हे दुसऱ्याने तपासण्याच्या कामांत मोडत नव्हते, म्हणून दुसरी नजर त्या कामावर पडलीच नाही.

हा माणूस आळशी असता तर काम पुढच्या पाळीवर ढकलून चहा प्यायला गेला असता आणि कदाचित काहीच झाले नसते. तो कामसू होता, अडचणीत हात पुढे करणारा होता आणि स्वतःच्या नजरेवर त्याचा विश्वास होता. आपण ज्याला चांगला माणूस म्हणतो त्याचेच हे वर्णन आहे. म्हणून माझे मत असे की हे प्रकरण पहिल्या वर्षी, इंजिनाचा पहिला धडा शिकवण्याच्याही आधी शिकवावे.

वाईट दुरुस्ती नेहमी दुसऱ्याच दिवशी बोलते असेही नाही. जपान एअरलाइन्सचे १२३ क्रमांकाचे उड्डाण १२ ऑगस्ट १९८५ रोजी कोसळले आणि ५२४ पैकी ५२० माणसे गेली. त्या विमानाची शेपटी १९७८ साली धावपट्टीला घासली होती आणि मागच्या प्रेशर बल्कहेडची दुरुस्ती उत्पादकाच्याच माणसांनी केली होती. जोडाची पट्टी अखंड लावायची ती तुकड्यांत लावली गेली, त्यामुळे रिव्हेटच्या दोन ओळींनी वाटून घ्यायचा भार एका ओळीवर पडला. दर उड्डाणात विमान आतून फुगते, उतरल्यावर सैल पडते. सात वर्षे ती ओळ हे सोसत राहिली. याउलट पेरूमध्ये, २ ऑक्टोबर १९९६ रोजी, विमान धुताना स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली आणि रात्रीच्या अंधारात वैमानिकांना ना उंची खरी कळेना, ना वेग. ७० जण गेले. असे प्रसंग कसे घडतात याचा विचार करून गॉर्डन ड्युपाँट या कॅनडातल्या तज्ज्ञाने १९९३ साली माणसाच्या चुकीमागची बारा कारणे मांडली: थकवा, ताण, दडपण, गाफीलपणा वगैरे. परवान्याच्या परीक्षेच्या नवव्या मॉड्यूलमध्ये ही यादी येते. ती घोकून परीक्षा पास होता येते, हे त्या मॉड्यूलचे दुर्दैव.

आता कुणी विचारील, सगळे पुस्तकातच लिहिलेले असेल तर माणसाची अक्कल लागते कुठे? लागते, आणि चांगली घासून लागते. फक्त तिची जागा वेगळी आहे. जुलैची रात्र, पाऊस आडवा येतोय, पहाटे साडेपाचला सुटायच्या विमानाच्या टेक लॉगमध्ये वैमानिकाने स्नॅग लिहून ठेवला आहे. दोष खरा आहे की सेन्सर खोटे बोलतोय, हे आधी शोधायचे. मग तो दुरुस्त करायचा, की एमईएलच्या आधाराने पुढे ढकलायचा, हे ठरवायचे. एमईएल म्हणजे कोणती यंत्रणा बंद असताना कोणत्या अटींवर आणि किती दिवस उडता येते याची मंजूर यादी. बी वर्गातल्या दोषाला ३ दिवस, सी वर्गाला १०, डी वर्गाला १२० दिवसांची मुदत असते. यादी परवानगी देते, सक्ती करत नाही. तोच स्नॅग तिसऱ्यांदा आला असेल, पुढच्या मुक्कामावर धुवांधार पाऊस असेल, तर यादीत बसत असूनही ‘आज नाही’ म्हणावे लागते. त्या वेळी ड्युटी मॅनेजर घड्याळ बघत उभा असतो, प्रवासी एरोब्रिजवर दाटलेले असतात आणि पाळीतला एखादा ज्येष्ठ हळूच म्हणतो, “अरे, दहा दिवसांचं तर आहे, दे ढकलून.” नजरेने बोल्टाचे माप घ्यायचे नाही, हे पुस्तक शिकवते. या घडीला काय करायचे ते कुठलेच मॅन्युअल शिकवत नाही आणि पगार मिळतो तो मुख्यतः यासाठी, असे मला वाटत आले आहे.

कायद्याने सहीचा हा अधिकार कसा मिळतो, ते थोडक्यात. भारतात परवाना देते ती नागरी विमान वाहतूक महासंचालनालय म्हणजे डीजीसीए, आणि नियम आहे सीएआर-६६. युरोपच्या नियमांवरून तो बेतलेला आहे. ए वर्गाला ठरावीक साधी कामे करून त्यांवर सही करता येते. बी१ म्हणजे सांगाडा, इंजिन आणि यांत्रिक-विद्युत यंत्रणा. त्यातही टर्बाइन विमान, पिस्टन विमान, टर्बाइन हेलिकॉप्टर, पिस्टन हेलिकॉप्टर असे चार पोटवर्ग. बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स. सी वर्गाचा माणूस मोठ्या चेकनंतर अख्खे विमान सेवेत सोडतो. परीक्षा मॉड्यूलवार होतात आणि उत्तीर्ण व्हायला ७५ टक्के लागतात. ३५ टक्क्यांच्या हिशेबाने वाढलेल्या आपल्या पोरांना पहिला धक्का बसतो तो इथे.

दुसरा धक्का मोठा असतो आणि त्याविषयी जाहिराती गप्प असतात. कॉलेज परवाना देत नाही. सीएआर-१४७ खाली मान्यता असलेली संस्था प्रशिक्षण देते, त्यामुळे अनुभवाची अट कमी होते, इतकेच. मान्य अभ्यासक्रम केला तर बी१.१ किंवा बी२ साठी चालू विमानांवरचा दोन वर्षांचा अनुभव पुरतो; तसे प्रशिक्षण नसेल तर तो पाच वर्षांवर जातो. हा अनुभव मिळवायला कुठेतरी शिकाऊ म्हणून शिरावे लागते आणि खरी रांग त्या दारापाशी असते. बारावीनंतर चार वर्षांत मुलगा ‘इंजिनिअर’ होऊन घरी गाडी घेऊन येईल, अशी समजूत करून घेतलेल्या आईवडिलांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. प्रवेश घेण्याआधी डीजीसीएच्या यादीत संस्थेचे नाव आहे का, आणि आपल्याला हव्या त्या वर्गासाठीच मान्यता आहे का, हे स्वतः पाहावे. चकचकीत ब्रोशरवर हँगरचा फोटो असतो. तो हँगर त्यांचाच आहे का, हेही विचारायला लाजू नये.

तिसरा धक्का परवाना हातात आल्यावर. कोरा परवाना घेऊन एअरबस ए३२० वर सही करता येत नाही. त्या जातीच्या विमानाचा टाइप कोर्स करून ती नोंद परवान्यावर चढवावी लागते, त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. शिवाय ज्या कंपनीत काम करायचे तिने आपले प्राधिकृत पत्र द्यावे लागते. परवाना, टाइप आणि कंपनीचे पत्र, तिन्ही जमले की पहिली सही. मागच्या दोन वर्षांत सहा महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव नसेल तर तीही सही थांबते. आता ऑक्टोबर २०१२ आठवा, किंगफिशर बंद पडली. एप्रिल २०१९, जेट एअरवेज. मे २०२३, गो फर्स्ट. त्या कंपन्यांतल्या अभियंत्यांचे पगार तर थकलेच, पण ज्यांना लगेच दुसरे काम मिळाले नाही त्यांच्या परवान्यालाही घरबसल्या गंज चढू लागला. बँकेतला माणूस नोकरी गेली तरी बँकेचे काम विसरला असे कुणी कायद्याने म्हणत नाही. इथे म्हणतात आणि बरोबरच म्हणतात, पण ज्याच्यावर वेळ येते त्याला ते बरोबर वाटणे अवघड असते.

२०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. तेव्हापासून हे आकडे प्रत्येक ब्रोशरच्या पहिल्या पानावर आहेत. ते खरे आहेत, पण नोंदवलेली विमाने एकदम येत नाहीत, येतात तेव्हा काही जुनी जातात, आणि नवी विमाने जुन्यांपेक्षा कमी दुखणी काढतात. तरीही दिशा चांगली आहे. एकेकाळी आपली विमाने मोठ्या दुरुस्तीसाठी सर्रास परदेशी जात, कारण करांच्या ओझ्याने इथले काम महाग पडे. एप्रिल २०२० पासून देखभाल-दुरुस्तीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगच्या सहकार्याने उभारलेले दुरुस्ती केंद्र आहे. विदर्भातल्या मुलाने मुंबईच्या खोलीभाड्याच्या धास्तीने हे क्षेत्र सोडू नये, म्हणून मुद्दाम सांगतो. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, तिथले हात उत्तम. मात्र लष्करी विमानांवरचा अनुभव आपोआप नागरी परवान्यात बदलत नाही, नागरी विमानांवर वेगळा अनुभव जोडावाच लागतो. हवाई दलातून निवृत्त होणाऱ्यांनी हे निवृत्तीच्या आधी नीट समजून घ्यावे. आखातात जाऊ पाहणाऱ्यांसाठीही तेच: परवाना देशागणिक वेगळा, भारतातला घेऊन तिथे थेट सही करता येत नाही, बदलून घेण्याची रीत आणि परीक्षा असतात.

मराठी माध्यमातली मुले इंग्रजीची भीती सांगतात. तिला माझे उत्तर थोडे अनपेक्षित वाटेल. बोलण्याची इंग्रजी वेगळी आणि मॅन्युअलची वेगळी. विमानांची मॅन्युअले जगभर आटोपशीर, बांधीव इंग्रजीत लिहिली जातात. तिच्या नियमांप्रमाणे सर्वसाधारण शब्द नऊशेच्या आसपास, शक्यतो एका शब्दाचा एकच अर्थ, आणि कृती सांगणाऱ्या वाक्यात वीसपेक्षा जास्त शब्द नाहीत. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्या कामगारांच्या हातून चूक होऊ नये म्हणूनच ती घडवली आहे. प्रकरणांचे आकडेही सगळीकडे सारखे: २७ म्हणजे उड्डाण नियंत्रण, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर. सातारा जिल्ह्यातल्या शाळेत शिकलेल्या पोराला ही भाषा सहा महिन्यांत वश होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेला मात्र ‘समजलं मला’ म्हणून वाक्य अर्धे वाचतो आणि इशाऱ्याची ओळ चुकवतो, असे मी बरेचदा पाहिले आहे.

घरच्यांसाठीही थोडे लिहिले पाहिजे. विमाने दिवसा उडतात म्हणून त्यांची देखभाल रात्री होते. गणपतीची आरती, बहिणीचे केळवण, पोराचे गॅदरिंग यांतले बरेच काही चुकते आणि चुकल्याचे कारण दरवेळी पटवून देता येत नाही. मुलींची संख्या हँगरमध्ये अजून कमी आहे. काम झेपत नाही हे त्याचे कारण नाही, कारण जड वजन क्रेन आणि जॅक उचलतात. रात्री अडीचला घरी सोडणारी गाडी आणि हँगरजवळ स्वच्छतागृह आहे का, हे प्रश्न मुलाखतीत विचारावेत. विचारणारीला त्रासदायक समजणारी जागा सोडून द्यावी.

पुस्तक वाचण्याविषयी एक सूचना. विद्यार्थी इंजिनांच्या प्रकरणावर तुटून पडतात आणि मानवी घटक व विमान वाहतूक कायदा ही दोन प्रकरणे परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी ठेवतात. इथे क्रम उलटा करून पाहावा. संपादकांनी फी आणि पगारांचे तक्ते मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते छापून होईपर्यंत शिळे होतात. नियमही बदलतात. १९३४ चा विमान कायदा नव्वद वर्षे चालला आणि १ जानेवारी २०२५ पासून त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम आला. तेव्हा इथला कोणताही आकडा, कोणतीही अट अर्जावर उतरवण्याआधी डीजीसीएच्या ताज्या प्रतीशी ताडून घ्यावी, या पुस्तकात छापली आहे म्हणून खरी मानू नये.